जिवंत झाडांचा फिशटँक: आधी झाडं, मग मासे

टाकी आणली की त्याच संध्याकाळी मासे सोडायचे आणि आठवडाभराने शोभेला चार झाडं खोचायची, असाच बहुतेकांचा क्रम असतो. तो उलटा आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात, ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नवे मासे पहिल्या पंधरवड्यात पटापट मरतात त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. झाडं मात्र अमोनिया थेट अन्न म्हणून शोषतात. ती आधी रुजली, वाढायला लागली, की माशांना पहिल्या दिवसापासून राहण्याजोगं पाणी मिळतं.

खालची सगळी मापं दोन फुटी टाकीची आहेत: २४ इंच लांब, १२ इंच रुंद, १५ इंच उंच. वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तिच्यात साधारण ५० लिटर पाणी राहतं. सुरुवातीला याहून लहान टाकी घेऊ नका. पाणी कमी असलं की चूक लगेच अंगाशी येते. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर इथे लागणार नाही.

काय काय लागेल

- टाकी, झाकण, सपाट स्टँड आणि टाकीखाली घालायला थर्माकोल किंवा फोमची शीट
- १८ ते २० किलो वाळू
- स्पंज फिल्टर, एअर पंप, हवेची नळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह
- दोन फुटी एलईडी बॅटन आणि प्लगमध्ये बसणारा टायमर
- अँटी-क्लोरीन, थर्मामीटर, अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं आधी हेच करतात, तेही माशांना विषारी) तपासायचं किट
- लांब चिमटा, कात्री, पाणी काढायची जाड नळी
- फक्त टाकीसाठीची एक बादली, जिला साबण कधीही लागलेला नाही

१. जागा

भरलेल्या दोन फुटी टाकीचं वजन ९० किलोच्या आसपास जातं. टीव्हीचं युनिट किंवा पार्टिकल बोर्डचं कपाट या वजनाने वाकतं, आणि स्टँड एका कोपऱ्यात जरी दबला तरी काचेचा जोड सुटतो. टाकी रिकामी असतानाच पातळी तपासा. खिडकीसमोर ठेवू नका, थेट ऊन पडलं की पंधरा दिवसांत पाणी हिरवं होतं. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा किंवा नळीत व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं आणि तिथून जमिनीवर.

२. तुमचं पाणी कसलं आहे

मुंबई-पुण्याकडे नळाला येणारं धरणाचं पाणी सहसा मऊ असतं. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षाराचं. नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर तुमचं पाणी जड आहे. जड पाणी म्हणजे संकट नाही, फक्त झाडं आणि मासे त्याला साजेसे निवडावे लागतात. वॅलिसनेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात, त्यामुळे बोअरच्या पाण्यातही ती जोमाने येतात. गप्पी आणि मॉली अशा पाण्यात खूश असतात, निऑन टेट्रा नसतात.

नुसतं आरओचं पाणी भरणं ही नेहमीची चूक. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ उरतच नाही. झाडांची नवी पानं वेडीवाकडी येतात, पाण्याचा सामू (पीएच) टिकत नाही. बोअरचं पाणी फारच जड असेल तर अर्धं बोअर, अर्धं आरओ करा, आणि एकदा ठरवलेलं प्रमाण दर वेळी तेच ठेवा.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन बादली उघडी ठेवली की दिवसभरात बराचसा उडतो. क्लोरामाइन तसा उडत नाही. म्हणून अँटी-क्लोरीन बाटलीवरच्या प्रमाणात घालाच. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनही अनेकदा वाढवलेला असतो, त्या दिवसांत पाण्याला वास आला तर पाणी बदलणं एक-दोन दिवस पुढे ढकला.

३. वाळू

रंगीत खडे, संगमरवराचे तुकडे, शिंपले: तिन्ही नकोत. संगमरवर आणि शिंपला दोन्ही कॅल्शियम कार्बोनेट. ते हळूहळू विरघळतात आणि पाणी दिवसेंदिवस जड करतात. कोकण किनाऱ्याची वाळू याच कारणाने चालत नाही, शिवाय तिच्यात मीठ असतं. एक ते तीन मिलिमीटर कणाची नदीची वाळू किंवा काळ्या बेसॉल्टची बारीक खडी घ्या. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा दगड. तो पाण्याला फारसं काही करत नाही आणि त्यावर हिरवा रंग उठून दिसतो.

आणलेली वाळू आधी तपासा. मूठभर कोरडी वाळू वाटीत घ्या, वर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओता आणि कान जवळ न्या. बुडबुडे आले, सोड्यासारखा चुरचुर आवाज आला, तर ती वाळू परत करा.

धुताना बादलीत एका वेळी तीन-चार किलोच घ्या, हाताने घुसळा, गढूळ पाणी ओता. आठ-दहा वेळा धुतल्यावर पाणी नितळ निघतं. इथे घाई केली तर टाकीचं पाणी आठवडाभर दुधाळ राहतं. थर पुढे दोन इंच, मागे तीन इंच द्या.

वाळूखाली बागेतली माती किंवा शेणखत घालायचा सल्ला कुणी देईल. माती वापरून सुंदर टाक्या होतात हे खरं, पण पहिल्या टाकीत नको. शेणखतातून इतका अमोनिया सुटतो की महिनाभर मासे सोडता येत नाहीत, आणि एखादं रोप उपटलं की सगळी माती वर येते. मुळांना खत हवंच आहे, त्यासाठी रूट टॅब मिळतात. वाळूत बोटभर खोल, दर सहा इंचांवर एक गोळी खोचायची आणि तीन महिन्यांनी पुन्हा.

४. प्रकाश

‘झाडं आहेत म्हणजे भरपूर उजेड हवा’ हा समज सर्वात जास्त टाक्या बिघडवतो. प्रकाश जितका जास्त, तितका झाडाला कार्बन आणि खतही जास्त हवं. ते मिळालं नाही की झाड थांबतं आणि शेवाळ पुढे जातं. कार्बन डायऑक्साइड वेगळा देत नसाल तर घरात लावतो ती दोन फुटी १० वॅटची एलईडी बॅटन पुरते. खोक्यावर ६५०० केल्विन किंवा ‘कूल डेलाइट’ लिहिलेलं पाहा, आणि प्रकाश १००० ल्युमेनच्या आसपास असावा. निळे-जांभळे शोभेचे दिवे झाडांसाठी नाहीत.

पहिला महिना रोज सहा तास. नंतर झाडं वाढताना दिसली तर सात, फार तर आठ. टायमर लावा, कारण हाताने बंद करायचा दिवा कधी पाच तास चालतो, कधी बारा.

५. कोणती झाडं

दुकानातली पहिली फसगत इथे होते. लकी बांबू, सिंगोनियम आणि पांढऱ्या पट्ट्यांचे ड्रॅसिनाचे तुरे ‘ॲक्वेरियम प्लांट’ म्हणून विकले जातात. ही पाण्याखाली जगणारी झाडं नाहीत. तीन-चार आठवडे हिरवी दिसतात, मग कुजतात आणि पाणी खराब करतात. ओळखायची सोपी खूण: रोप पाण्याबाहेर धरल्यावर ताठ उभं राहत असेल आणि पानं मेणचट, कडक असतील, तर शंका घ्या. ॲन्युबियस याला अपवाद आहे, त्याची पानं मुळातच जाड असतात.

दोन फुटी टाकीसाठी हे घ्या:

- वॅलिसनेरिया, ८ ते १० रोपं, मागच्या बाजूला. लांब पट्ट्यांसारखी पानं, रुजलं की वाळूतून आडवे कोंब टाकत पसरतं.
- हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, १५ काड्या. मूळची भारतातलीच, वाढ झपाट्याची.
- हॉर्नवर्ट, एक मूठ, नुसतं पाण्यात सोडायचं. याला मुळं नसतात.
- क्रिप्टोकोरिन वेंडटी, ५ रोपं, मधल्या भागात.
- ॲन्युबियस एक-दोन आणि जावा फर्न एक, लाकडावर किंवा दगडावर.

यात पहिली तीन सर्वात महत्त्वाची, कारण ती भराभर वाढतात आणि अमोनिया, नायट्रेट तितक्याच वेगाने उचलतात. नुसती ॲन्युबियसची चार रोपं लावलेली टाकी दिसते छान, पण ॲन्युबियसला महिन्याला एखाद-दोन पानं येतात. पाणी शुद्ध करायला ती अपुरी पडतात आणि त्याच पानांवर शेवाळ बसतं. म्हणून सुरुवातीलाच तळाचा निम्म्याहून जास्त भाग झाडांनी भरा. थोडी लावू, मग वाढवू, असं इथे चालत नाही.

ब्राह्मी, म्हणजे बकोपा, नर्सरीत कुंडीत मिळते आणि पाण्याखाली चांगली जगते. नर्सरीतल्या रोपांवर कीटकनाशक फवारलेलं असू शकतं, म्हणून आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा आणि पाणी रोज बदला. तळ्यातून किंवा ओढ्यातून झाडं उपटून आणू नका. त्यांच्याबरोबर जळवा येतात, चतुराच्या अळ्या येतात, आणि ही अळी गप्पीची पिल्लं फस्त करते. कासच्या पठारासारख्या ठिकाणच्या पाणथळ वनस्पतींना तर हातही लावायचा नाही.

६. साफ करणं आणि लावणं

चार लिटर पाण्यात दोन मोठे चमचे तुरटीची पूड विरघळवा आणि रोपं त्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा. बाहेर काढल्यावर साध्या पाण्याने नीट धुवा. मोठ्या गोगलगायी याने मरतात. अंडी मरतीलच असं नाही, ती पानांच्या खालच्या बाजूला पारदर्शक जेलीच्या ठिपक्यासारखी दिसतात. नखाने खरवडून काढा.

जाळीच्या कुंडीतल्या रोपाच्या मुळांभोवती पिवळट, लोकरीसारखा रॉकवूल असतो. तो तसाच वाळूत पुरू नका. कुंडी कात्रीने उभी कापा, रॉकवूल दोन्ही हातांनी पुस्तकासारखा उघडा आणि पाण्यात धरून चिमट्याने धागे सोडवत जा. थोडी मुळं तुटली तरी चालेल. उरलेली मुळं दीड इंचापर्यंत छाटा, म्हणजे खोचायला सोपं जातं आणि नवी मुळं लवकर फुटतात. एका कुंडीतून बहुधा तीन-चार वेगळी रोपं निघतात.

काड्यांची झाडं, म्हणजे हायग्रोफिला किंवा ब्राह्मी, शिशाच्या पट्टीने किंवा रबराने बांधलेली जुडी येते. जुडी सोडा. प्रत्येक काडीची खालच्या दोन पेरांवरची पानं काढा आणि काडी एकेकटी, एक इंच अंतराने, चिमट्यात धरून तिरकी खोचा, मग चिमटा अलगद सैल करत बाहेर काढा. जुडी तशीच लावली तर आतल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि त्या बुडापासून काळ्या पडतात.

ॲन्युबियस आणि जावा फर्नचं खोड आल्याच्या बोटासारखं आडवं असतं. वर पानं, खाली मुळं. हे आडवं खोड वाळूत गाडलं की कुजतं, आणि ही दोन्ही झाडं मरायचं सर्वात मोठं कारण तेच आहे. ती लाकडाला शिवणाच्या काळ्या दोऱ्याने बांधा, किंवा खोडाच्या खालच्या बाजूला फेविक्विकसारख्या गोंदाचा एक थेंब लावून अर्धा मिनिट दाबून धरा. हा गोंद पाण्यात पक्का होतो आणि वाळल्यावर माशांना अपाय करत नाही. लाकूड नवं असेल तर आधी आठवडाभर भिजत घाला. पाणी चहासारखं होतं, ते विषारी नसतं.

लावताना टाकीत चार-पाच इंचच पाणी ठेवा आणि पानांवर अधूनमधून पाणी शिंपडा. सगळं लावून झालं की वाळूवर एक ताटली ठेवून तिच्यावर सावकाश पाणी सोडा.

७. तीन-चार आठवडे वाट पाहणं

फिल्टर सुरू, दिवा सहा तास, मासे नाहीत. दर दोन दिवसांनी चिमूटभर माशांचं खाद्य टाका. ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं.

याच काळात पानं गळायला लागतात आणि नवखा माणूस घाबरतो. बरीच रोपं नर्सरीत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्याखाली गेल्यावर ती जुनी पानं टाकतात आणि पाण्याला साजेशी नवी आणतात. क्रिप्टोकोरिनचं तर विचारूच नका: तीन-चार दिवसांत पानं काचेसारखी पारदर्शक होतात, बोट लावलं की विरघळतात, आणि झाड मेलं असं वाटतं. उपटू नका. कुजलेली पानं तेवढी कापून काढा. वाळूखाली मूळ जिवंत असतं, दोन ते चार आठवड्यांत मधून नवं पान वर येतं. उपटून दुसरीकडे लावलं की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

काचेवर आणि पानांवर तपकिरी पूड जमते, ती डायटम, म्हणजे एक सूक्ष्म शेवाळ. बोटाने पुसली जाते, महिन्या-दीड महिन्यात आपोआप ओसरते.

८. मासे

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, आणि झाडांना नवे कोंब: ही तिन्ही लक्षणं दिसली की मासे आणायचे. पहिल्या खेपेला पाच-सहाच. पुढची खेप दोन आठवड्यांनी, किट पुन्हा शून्य दाखवत असेल तरच.

मऊ पाण्यात आठ निऑन टेट्रा, पाच कोरिडोरस आणि एक हनी गुरामी ही जोडणी ५० लिटरला पुरेशी आहे. जड पाण्यात सात-आठ गप्पी. गप्पी फक्त नर घ्या, नाहीतर चार महिन्यांत मोजता येणार नाहीत. झेब्रा डॅनिओ दोन्हीकडे चालतो.

गोल्डफिश, सिल्व्हर डॉलर, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न झाडांच्या टाकीत नकोत. पहिले दोन झाडं खातात, दुसरे दोन उकरून टाकतात. ‘काच साफ करेल’ म्हणून दिला जाणारा सकर फिश फूटभर वाढतो आणि मोठेपणी रुंद पानं खरवडतो. शेवाळ खाणाराच मासा हवा असेल तर ओटोसिंक्लस घ्या, पण टाकी तीन महिने जुनी झाल्यावर. त्याआधी त्याला खायला शेवाळच नसतं.

९. खत

महिनाभर काही घालू नका. नंतरच्या खतासाठी महागड्या बाटल्यांची गरज नाही, द्राक्षाच्या आणि भाजीपाल्याच्या शेतीत वापरतात ती विद्राव्य खतं कृषी सेवा केंद्रात मिळतात. अर्धा लिटर आरओच्या पाण्यात हे विरघळवा:

- १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट): २० ग्रॅम
- ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट): २ ग्रॅम
- ००:००:५० (पोटॅशियम सल्फेट): १० ग्रॅम

आठवड्याला १० मिली, पाणी बदलल्यानंतर. ५० लिटरमध्ये एवढ्याने नायट्रेट सुमारे ५ पीपीएम (म्हणजे लिटरमागे ५ मिलिग्रॅम), फॉस्फेट अर्धा पीपीएम आणि पोटॅश ५ पीपीएम वाढतं. वजन ग्रॅमच्या डिजिटल काट्यावरच करा, चमच्याने नाही. बाटलीवर नाव लिहा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

१९:१९:१९ मात्र चुकूनही टाकू नका. त्यातलं नत्र अमोनिया आणि युरियाच्या रूपातही असतं, फॉस्फेटही बेसुमार. मासे त्यानेच मरतात.

लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगळ्या बाटलीत हवीत, फॉस्फेटबरोबर एकत्र केली तर लोह तळाशी बसतं. इथे पैसे वाचवू नका, ॲक्वेरियमसाठीचंच द्रावण घ्या. शेतीच्या मिश्रणात जस्त आणि तांब्याचं प्रमाण पिकाच्या हिशोबाने असतं, आणि तांबं कोळंबीला घातक आहे.

पानं काय सांगतात तेही पाहत जा. जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं म्हणजे पोटॅश कमी. जुनी पानं सरसकट पिवळी म्हणजे नत्र कमी. नवा शेंडाच फिकट, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह.

१०. आठवड्याचं काम

१५ लिटर पाणी काढा, तेवढंच अँटी-क्लोरीन घातलेलं, त्याच तापमानाचं घाला. कुजकी पानं कापा. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, आणि तोही टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला की क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा नव्यासारखी कच्ची होते. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढं.

११. शेवाळ आलं तर

काचेवर थोडं हिरवं येणारच, ते पुसा. पाणी वाटाण्याच्या सुपासारखं हिरवं झालं तर तीन दिवस टाकी चादरीने पूर्ण झाका, दिवा बंद, हवा चालू. मग तिसरा हिस्सा पाणी बदला. पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखे झुपके आले तर ती पानं कापून टाका, दिवा एक तास कमी करा आणि खाद्य निम्म्यावर आणा. निळसर-हिरवी, बुळबुळीत साय वाळूवर पसरली आणि मातकट वास आला, तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया आहे. नळीने ओढून काढा आणि त्या कोपऱ्यात पाणी फिरतं आहे का ते पाहा.

‘लिक्विड कार्बन’ नावाचं औषध शेवाळावर दिलं जातं. त्यात सहसा ग्लुटराल्डिहाइड असतं. वॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट आणि जावा मॉस त्याने विरघळू शकतात.

१२. उन्हाळा आणि वीज

विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत टाकीचं पाणी ३२ अंशांवर सहज जातं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३. त्यात रात्री झाडंही ऑक्सिजन घेतात. म्हणून ‘झाडं आहेत, पंप कशाला’ असं म्हणून रात्री हवा बंद करू नका. झाकण उघडून जाळी घाला आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावा, दोन-तीन अंश उतरतात. पाणी उडेल ते आरओच्या पाण्याने भरून काढा, कारण क्षार उडत नाहीत, मागेच राहतात. बर्फाचे खडे टाकू नका, तापमान हिसक्याने खाली-वर होतं.

लोडशेडिंगच्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. वीज चार-पाच तासांहून जास्त गेली असेल, तर स्पंज टाकीच्या पाण्यात पिळून मगच पुन्हा सुरू करा.

१३. छाटलेली झाडं

दोन-तीन महिन्यांत हायग्रोफिला पृष्ठभागाला टेकते. मधून कापा, वरचा शेंडा पुन्हा खोचा, खालचा ठोंब राहू द्या, त्याला दोन फुटवे येतात. उरलेलं नदीत, तलावात किंवा नाल्यात टाकू नका, नको झालेला मासाही नाही. जलपर्णीने झाकलेल्या आपल्या नद्या पाहिल्या की एक परकं झाड काय करू शकतं ते दिसतं, आणि ते झाडही या देशात शोभेसाठीच आलं होतं. छाटण उन्हात कडकडीत वाळवा आणि कुंडीत पुरा. टाकीतून काढलेलं पाणीही तुळशीला घाला, त्यात नायट्रेट असतं.